खांबेट्यांचा दक्षिण किनारा

दिगंबर खांबेटे कोणाकडे जेवायला गेले, की आधी त्या घराला बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घालत आणि मगच बेल वाजवत. छपरावरचे पाणी पन्हळीतून कोठे उतरते, उतरलेले पाणी कोठे जाते, आणि जेथे जाते तेथून ते घराच्या पायाकडे परत तर येत नाही ना, एवढी खात्री पटल्यावर ते यजमानांचा चेहरा पाहण्यास तयार होत. निचरा वाईट असेल तर जेवण कितीही चांगले असो, घास गिळताना ते चिंतातुर दिसत. बासुंदीची वाटी हातात घेऊन, "तुमची ती दक्षिणेकडची भिंत या हिवाळ्यात ओल धरणार," असे ते यजमानीणबाईंना सांगत. आणि सप्टेंबरपर्यंत, म्हणजे मेलबर्नचा हिवाळा सरेपर्यंत, ती भिंत खरोखरच ओल धरत असे. त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती.

माझी आणि त्यांची पहिली भेट १९७८ साली झाली. कापडाचे रंग उन्हात का विटतात, या विषयावर पीएच.डी. करण्यासाठी मी नुकतीच मेलबर्नला आले होते आणि डँडेनॉन्गमध्ये एका घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. प्रयोगशाळेतून दमून परत आले, तर सूट-टाय घातलेला एक पन्नाशीचा गृहस्थ अंगणात गुडघे टेकून बसलेला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गटारात होता.

"मराठी ना?" मान वर न करता त्याने विचारले. "तुमची जाळी तुंबलीय."

पायरीवर एक गोऱ्या, किडकिडीत बाई स्टीलचा डबा घेऊन शांतपणे उभ्या होत्या. "अगं, आम्ही तुला भेटायला आलोय," त्या म्हणाल्या. "मी इंदुमती खांबेटे. मागच्याच गल्लीत राहतो आम्ही. चल आत, हे येतील नंतर."

"त्यांना किती वेळ लागेल?"

"ते गटारावर आहे," काकू म्हणाल्या.

खांबेटे मुळात घाटाचे माणूस. तरुणपणी सरकारी बांधकाम खात्यात असताना त्यांनी सह्याद्रीत रस्ते आखले होते. नंतर काही वर्षे लंडन, आणि १९७२ पासून मेलबर्नच्या एका उपनगराच्या कौन्सिलात सांडपाण्याचा विभाग. हे उपनगर पोळपाटासारखे सपाट होते. ज्याने आयुष्यात बावीस वळणांचा घाट उतरवला, त्याला आता शंभर फुटांत सहा इंचांचा उतार काढण्यावर समाधान मानावे लागे. ते त्याबद्दल तक्रार करत नसत. फक्त रविवारी काकूंना गाडीत घालून डँडेनॉन्गच्या टेकड्यांत जात आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या प्रत्येक मोरीपाशी थांबून तिच्या तोंडातला पालापाचोळा काढत. त्यासाठी गाडीच्या डिकीत एक खुरपे कायम असे. इतर लोक तेथे फर्नची झाडे आणि लायर पक्षी पाहायला जात.

"देखावा कोणीही बघतं," ते म्हणत. "रस्त्याच्या पोटात काय आहे ते बघा. आधी पाणी, मग रस्ता, मग माणूस."

हे सूत्र त्यांनी जगातील सर्व व्यवहारांना लावले होते. एखाद्या जोडप्यात धुसफूस सुरू झाली, की खांबेटे निदान करीत, "निचरा नाही." कोणी सभेत लांबलचक बोलले, की "उतार कमी पडला." माझ्या प्रबंधाचा कच्चा खर्डा त्यांनी एकदा चहा पिता पिता चाळला. त्यातील रसायनशास्त्र त्यांना कळणे शक्य नव्हते. तरी ते म्हणाले, "मंजिरीबाई, तुमच्या चौथ्या प्रकरणात सगळीकडून पाणी आत येतंय. बाहेर पडायला वाट कुठाय? फोडा ते." मी आठवडाभर रागावले आणि मग चौथे प्रकरण फोडून त्याची दोन केली. माझ्या मार्गदर्शकांनी पुढे ज्या एका गोष्टीची स्तुती केली, ती हीच.

आता स्लाइड्सविषयी सांगायला हवे, कारण मेलबर्नच्या मराठी माणसांना खांबेटे माहीत होते ते मोऱ्यांपेक्षाही स्लाइड्समुळे.

लंडनहून ऑस्ट्रेलियाला कायमचे येताना खांबेटे पतिपत्नींनी वाटेत ग्रीसमध्ये मुक्काम केला होता. त्यात एक मोकळा दिवस क्रीट या बेटासाठी काढला होता. क्रीट भूमध्य समुद्रात आडवे पसरलेले आहे आणि त्याच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे. उत्तर किनाऱ्यावर गाडी भाड्याने घ्यायची, घाट चढून डोंगर ओलांडायचा, दक्षिण किनाऱ्यावर पोचायचे, आणि संध्याकाळी सातच्या आत गाडी परत करायची, असा बेत होता. त्या दिवसाच्या ऐंशी स्लाइड्स त्यांच्याकडे होत्या. कार्यक्रमाचे नाव 'समुद्र ते समुद्र'. संक्रांत असो, गणपती असो वा दिवाळी, आमच्या मराठी मंडळात जेवणे झाली की लोक गुपचूप आपापले कोट शोधू लागत. आणि तेवढ्यात दारापाशी खांबेटे पडदा उभारत असल्याने कोणालाही बाहेर पडता येत नसे.

मी विज्ञानाची, म्हणून प्रोजेक्टर माझ्याकडे आला. पाच वर्षे मी ते यंत्र चालवले. खांबेटे पडद्याशेजारी हातात छडी घेऊन उभे राहत आणि प्रत्येक स्लाइडनंतर म्हणत, "पुढची."

त्यांचे निवेदन शब्दाशब्दाने ठरलेले होते. "सकाळी साडेसहा. गाडी भाड्याची, पांढरी, ब्रेक संशयास्पद. पुढची. ऑलिव्हची बाग. बागेकडे बघू नका, बागेखालच्या चराकडे बघा. पुढची. ही पहिली मोरी. दगडी कमान, एक भेग नाही. आमच्या खात्यातल्यांना ही दाखवायला हवी होती. पुढची."

पहिल्या तीस स्लाइड्समध्ये समुद्र दोनदा दिसे, आणि दोन्ही वेळा चुकून. काकू मात्र अधूनमधून दिसत: निळसर कोट, कानाला रुमाल, कठड्यापाशी मोजपट्टीसारख्या उभ्या. कठड्याची उंची समजावी म्हणूनच त्यांना उभे केलेले असे.

एकतिसाव्या स्लाइडपासून खरी कसोटी सुरू होई. घाटात एका ठिकाणी मोरी तुंबून पाणी रस्त्यावर आले होते आणि चार ग्रीक मजूर ती भलत्याच तोंडाने उपसत होते. खांबेट्यांना ते पाहवले नाही. एकतीस ते त्रेचाळीस, अशा तेरा स्लाइड्स त्या एकाच मोरीच्या होत्या. खांबेटे पँट दुमडताना, खांबेटे मोरीत, मोरीतून फक्त खांबेट्यांचे पाय.

"काका, आलो का आपण बाहेर?" मागून रेमंड विचारे. रेमंड मूळचा वसईचा, पेशाने दंतवैद्य, आणि मंडळाचा सेक्रेटरी. "नाही, पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबायचं असेल तर मी चहा सांगतो."

"दात किडला की तुम्ही मध्येच सोडता का, रेमंड?" खांबेटे शांतपणे म्हणत. "पुढची."

त्रेचाळिसाव्या स्लाइडमध्ये पाणी मोकळे झालेले असे, आणि चिखलाने माखलेले खांबेटे त्या चार मजुरांच्या मधोमध तोंड उघडून हसत असत. प्रत्यक्षात मी त्यांना असे हसताना कधीच पाहिले नव्हते.

चव्वेचाळिसावी स्लाइड डोंगरमाथ्याची. येथून त्यांचा आवाज बदले. एकही मोरी येत नसे. ते हळू बोलत, छडी खाली ठेवत. दरी, दरीपलीकडचा डोंगर, पांढरे चर्च, लिंबांनी लगडलेले झाड, आणि शेवटी दक्षिणेचा समुद्र. "याच्या पलीकडे आफ्रिका," ते म्हणत. "मध्ये काही नाही." या अर्ध्यात काकू मात्र कोठेच नसत. चर्चच्या स्लाइडला ते सांगत, "ही आत मेणबत्ती लावायला गेलीय." गावाच्या चौकात, "ही लिंबं घ्यायला गेलीय." आणि सदुसष्टाव्या स्लाइडला किनाऱ्यावरच्या मोठ्या काळ्या खडकाकडे बोट दाखवून, "ही त्या खडकामागे आहे. पाय बुडवतेय."

काकू स्वतः पहिल्या रांगेत बसत. त्या फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. बहुधा सकाळची शिफ्ट करून येत, चपला काढत, आणि पहिल्या मोरीला त्यांचा डोळा लागे. तेरा स्लाइड्सची मोरी त्या गाढ झोपेत पार करत. पण चव्वेचाळिसावी स्लाइड पडली, की त्या जाग्या होत, पदर सारखा करत आणि शेवटपर्यंत एकटक पाहत. हे प्रत्येक वेळी घडे. मी ते पाहत होते आणि त्यावरून काहीही निष्कर्ष काढत नव्हते. त्या वर्षांत मी फार थकलेली असे, आणि थकलेल्या माणसाची निरीक्षणे नुसती साचत जातात. खांबेट्यांच्या भाषेत, निचरा होत नाही.

माझे लक्ष वेधले गेले ते रंगामुळे. साधारण १९८१ पासून क्रीटचा दक्षिण किनारा गुलाबी होऊ लागला. आधी आकाशाच्या कडा, मग चर्च, मग समुद्र. उत्तर किनारा मात्र जसाच्या तसा राहिला. काकूंचा कोट पहिल्या दिवसाइतकाच निळा होता. एकाच बेटाचे दोन अर्धे दोन वेगवेगळ्या वेगांनी विटत होते.

१९८३ च्या गणपतीनंतर रेमंडने विषय काढला. मंडळाने व्हिडिओ भाड्याने आणायचे ठरवले होते. "काका, मनावर घेऊ नका," तो म्हणाला, "पण पोरं म्हणतात, नॉट अगेन. आणि तुमचा समुद्र आता स्ट्रॉबेरी मिल्कशेक झालाय, मेट. दिवाळीला शेवटचा शो करू. मग व्हिडिओ."

"शेवटचा असेल तर निळा हवा," एवढेच खांबेटे म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात ते विद्यापीठात माझ्या प्रयोगशाळेत आले. प्रवेशापूर्वी इमारतीला प्रदक्षिणा झाली असावी, कारण बुटांना चिखल होता. त्यांनी टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. तो चकल्यांचा असेल असे समजून मी उघडला, तर आत सदतीस स्लाइड्स होत्या. चव्वेचाळीस ते ऐंशी.

"रंग का विटतात, यावर तुम्ही पाच वर्षं घालवलीत ना?" ते म्हणाले. "आता जरा उलट्या दिशेनं चला. दिवाळीच्या आत."

"काका, मला डिसेंबरात कॅनबेराला रुजू व्हायचंय. प्रबंधाचं बाइंडिंग राहिलंय."

"मी कधी तुमच्याकडे काही मागितलंय?"

मागितले नव्हते. उलट माझ्या अंगणातली जाळी ते पाच वर्षे न सांगता साफ करत आले होते. मी डबा ठेवून घेतला.

ते गेल्यावर मी स्लाइड्स एकेक करून उजेडासमोर धरल्या, आणि माझा थकवा काही मिनिटांपुरता उतरला. रंगीत फिल्मवर तीन रंगांचे तीन थर असतात: पिवळा, किरमिजी आणि मोरपिशी निळा. काही स्वस्त फिल्म्समध्ये निळा थर अंधारात ठेवूनही आधी नाहीसा होतो, आणि उरते ते गुलाबी. खांबेट्यांची स्वतःची फिल्म चांगल्या प्रतीची होती, म्हणून पहिला अर्धा शाबूत होता. ही फिल्म वेगळी होती. चौकटीही वेगळ्या होत्या. त्यांच्या कोपऱ्यातील छापील अक्षरे कोणी तरी पात्याने काळजीपूर्वक खरवडली होती, पण दोन ठिकाणी ग्रीक अक्षरे आणि क्रमांक शिल्लक होता. पर्यटनस्थळांवर दुकानात तयार स्लाइड्सची पाकिटे मिळतात; ही त्यांतली होती. शिवाय या सदतीस चित्रांत काकू एकदाही नव्हत्या. एकही मोरी नव्हती. जो माणूस दुसऱ्याच्या अंगणातले गटार सोडत नाही, तो घाट उतरताना एकही मोरी टिपत नाही, हे अशक्य होते.

खांबेटे दक्षिण किनाऱ्यावर कधी पोचलेच नव्हते.

हा निष्कर्ष काढल्याचा मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. त्याच शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. काका मागच्या अंगणात चर खणत होते. काकू स्वयंपाकघरात शंकरपाळ्या कातत होत्या. मी कातणे हातात घेतले आणि शक्य तितक्या सौम्यपणे, पुराव्यांच्या क्रमाने, सर्व सांगितले: थर, चौकटी, खरवडलेली अक्षरे.

काकूंनी लाटलेली पोळी माझ्यापुढे सरकवली. "अगं मंजू," त्या म्हणाल्या, "मी होते ना गाडीत."

रंगांच्या तीन थरांचा विचार करताना ही एक साक्षीदार माझ्या लक्षातच आली नव्हती.

"दुपारचे चार वाजले त्या मोरीत," काकू सांगू लागल्या. "आधी म्हणाले, पाच मिनिटं. मी कठड्यावर बसले. दशम्या खाल्ल्या. मग म्हटलं, निदान फोटो तरी काढू. ते सगळे मोरीतले फोटो माझेच. आणि तुला सांगते, मला त्या बेटावर एकच गोष्ट बघायची होती. साताऱ्याला नऊ वर्षं मी आठवीला भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान. उन्हाळे कोरडे, हिवाळ्यात पाऊस. द्राक्षं, लिंबं, ऑलिव्ह. नऊ वर्षं फळ्यावर खडूने तो समुद्र काढला. मला युरोप संपतो तिथे जाऊन उभं राहायचं होतं. बास."

येथे ऑस्ट्रेलियात त्यांची भूगोलाची पदवी चालली नाही, हे मला ठाऊक होते. द्राक्षे आणि पीच त्या आता डब्यात भरत होत्या.

"मग चार वाजता?"

"हे बाहेर आले, चिखलात बरबटलेले. लहान पोरासारखे खूश. मग घड्याळ बघितलं आणि चेहरा पडला. म्हणाले, इंदू, माथा दोनच वळणांवर आहे. वरून तरी समुद्र दिसेल. पंधरा मिनिटं. चल." काकूंनी हातावरचे पीठ झटकले. "मी म्हटलं, नको. बघितला समुद्र. फिरवा गाडी. रागाने म्हटलं गं. दोन वळणं होती."

अंगणात फावड्याचा आवाज येत होता.

"पूर्ण उतारभर एक शब्द बोलले नाही मी. गाडी परत केली, तिथल्या दुकानात हे शिरले आणि ती पाकिटं घेऊन आले. इथे आल्यावर पहिल्या दिवाळीला लोकांपुढे लावलं यंत्र, आणि माथ्यावरून पलीकडे घेऊन गेले मला. मला आधी सांगितलंही नव्हतं. मी काय करणार? बसले बघत." त्या थोड्या हसल्या. "त्यांना वाटतं, त्यांच्यामुळे राहिलं."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? अकरा वर्षं झाली. ते मला इतक्या नेमाने घेऊन जातात."

"आणि पहिल्या अर्ध्यात तुम्ही झोपता."

"तो मी बघितलाय," काकू म्हणाल्या. "दुसराच बघायचा राहिलाय."

"पुन्हा जा ना प्रत्यक्ष."

"आता त्यांचे गुडघे त्या किनाऱ्याच्या पायऱ्या उतरू देणार नाहीत, आणि मला लांबचा प्रवास सोसत नाही. तू समुद्र तेवढा निळा कर. आणि त्या बारीक काप गं, तळताना फुगायला हव्यात."

पुढचे तीन आठवडे मी दिवसा प्रबंध तपासला आणि उरलेल्या वेळात समुद्र. प्रत्येक स्लाइड कॉपी करण्याच्या स्टँडवर लावायची, निळसर फिल्टर घालायचा, नवी प्रत काढायची. उडून गेलेला रंग परत आणता येत नाही. उरलेल्यांचे प्रमाण बदलता येते. आकाश बरे जमले. समुद्र काहीसा हिरवट आला. गुलाबी धुके काढल्यामुळे एक लाभ मात्र झाला, निदान मला तो लाभ वाटला: चित्रे पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट झाली.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी होता. नोव्हेंबरचे ऊन रखरखीत असल्याने खांबेट्यांनी सकाळीच येऊन सर्व खिडक्यांना काळे प्लास्टिक चिकटवले होते. त्या बंद हॉलमध्ये फराळाचा वास आणि साठ-सत्तर माणसांचा कंटाळा दाटला होता. कोपऱ्यात रेमंडचा व्हिडिओ टॉवेलखाली वाट पाहत होता.

"शेवटचं हं काका," रेमंड म्हणाला. "वाटलं तर मोरीत दोन मिनिटं जास्त थांबा. नो वरीज."

खांबेट्यांनी ऐकले नाही. त्यांनी छडी उचलली. "सकाळी साडेसहा. गाडी भाड्याची, पांढरी, ब्रेक संशयास्पद. पुढची."

त्या दिवशी त्यांचा आवाज दमलेला होता. मोऱ्या नेहमीपेक्षा लवकर संपल्या. पहिल्या रांगेत काकू झोपल्या. त्रेचाळिसाव्या स्लाइडमध्ये खांबेटे हसले. चव्वेचाळिसावी पडली, काकू जाग्या झाल्या, आणि माथ्यावरचे आकाश निळे आहे हे पाहून त्यांनी मान किंचित मागे वळवली, माझ्या दिशेने.

"अरे, हा समुद्र तर आमच्या वसईच्या खाडीसारखा दिसतो," समुद्राची पहिली स्लाइड आल्यावर रेमंड म्हणाला. लोक हसले. खांबेटेही नाराज दिसले नाहीत. चर्च झाले, लिंबे झाली. सदुसष्टावी पडली.

"ही त्या खडकामागे आहे," खांबेटे म्हणाले. "पाय बुडवतेय."

पुण्याहून महिन्यापूर्वीच आलेली स्मिता नावाची एक नवी नवरी तिसऱ्या रांगेत होती. तिने हा कार्यक्रम कधी पाहिला नव्हता. त्यामुळे सबंध हॉलमध्ये खरोखर लक्ष देऊन पाहणारी ती एकटीच होती. "पण काका," तिने सरळपणे विचारले, "खडकामागे तर कुणीच नाहीये. नुसतं पाणी दिसतंय."

मी पडद्याकडे पाहिले. ती बरोबर होती. अकरा वर्षे त्या खडकाची सावली आधी काळी, मग काळपट गुलाबी होती आणि तिच्यात कोणीही असू शकत होते. माझ्या फिल्टरने ती सावली स्वच्छ करून टाकली होती. खडकामागे उथळ, हिरवे, रिकामे पाणी होते.

खांबेटे पडद्याकडे पाहत राहिले. त्यांनी छडी उचलली आणि जमिनीवर टेकवली. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज हॉलभर ऐकू येत होता. माझा अंगठा पुढच्या स्लाइडच्या बटणावर होता. दाबावे की नाही, हे मला ठरवता येईना.

"हा फोटो आधीचा आहे," पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या. अकरा वर्षांत या कार्यक्रमात त्या प्रथमच बोलत होत्या. "मी तेव्हा अजून पायऱ्या उतरत होते. पायऱ्या खूप होत्या. मग गेले त्या खडकामागे."

खांबेट्यांनी हळूच मान वळवली.

"पाणी कसं होतं?" त्यांनी विचारले. प्रश्न स्मितासाठी नव्हता.

"गार," काकू म्हणाल्या. "घोट्यापर्यंतच गेले. जरा वेळ उभी राहिले. समोर काही नाही, तुम्ही म्हणता तसंच. मग तुम्हाला हाक मारली, तर तुम्ही तिकडे कुठलीशी मोरी बघत बसलेले."

हॉल हसला. आणि पडद्याच्या उजेडात, छडीवर दोन्ही हात टेकून, खांबेटेही हसले: तोंड उघडून, अगदी त्या त्रेचाळिसाव्या स्लाइडसारखे. हसून झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, तो परत चढवायला थोडा वेळ घेतला.

"चांगली मोरी होती ती," ते म्हणाले. "पुढची."